सापळे मांडायचे आणि स्वतःच मैदानात उतरायचं: अ‍ॅक्शन-टॉवर डिफेन्सची ओढ कशात आहे?

प्रश्न असा आहे: नुसता टॉवर डिफेन्स (शत्रूच्या वाटेवर टॉवर आणि सापळे मांडून त्याला अडवायचा गेम) खेळताना थोड्या वेळाने आपण बघे झाल्यासारखं वाटतं, नुसत्या हाणामारीच्या गेममध्ये बोटं दमतात आणि डोकं रिकामं राहतं, मग ‘ऑर्क्स मस्ट डाय’सारख्या दोन्हींच्या मिश्रणात तास कसे निघून जातात? आणि हे मिश्रण इतकं जमत असेल तर असे गेम एवढे थोडे का?

मी कॉम्बॅट आणि लेव्हल डिझाइनचंच काम करत आलोय, त्यामुळे उत्तर थोडं पडद्यामागून येईल. आकडे आले तर घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडचं काही नाही.

‘दोन आवडीच्या गोष्टी एकत्र आल्या म्हणून मजा दुप्पट’ हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. तसं असतं तर ‘असॅसिन्स क्रीड: रेव्हलेशन्स’मधला (२०११) अड्डा वाचवण्याचा भाग लोकांनी डोक्यावर घेतला असता. त्यात अ‍ॅक्शन गेम होता आणि टॉवर डिफेन्सही होता. पण अड्ड्यावर हल्ला झाला की नायक एझिओ छपरावर एका जागी उभा राहतो, समोरच्या घरांवर माणसं नेमतो, रस्त्यात अडथळे टाकतो. ज्याला तुम्ही इतका वेळ भिंतींवर चढवलंत, छपरांवरून पळवलंत, तोच ऐन लढाईत जागेला खिळतो. चाहत्यांनी नाकं मुरडली आणि पुढच्या भागात तो प्रकार दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकाच डब्यात होत्या, पण एकमेकींना लागलेल्या नव्हत्या.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: या प्रकारच्या गेममध्ये सगळ्यांत टंचाईची वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः. नाणी येत राहतात, टॉवर वाढत राहतात, पण तुमचा हिरो एकच आणि तो एका वेळी एकाच दारात उभा राहू शकतो. तुम्ही मांडलेला प्रत्येक सापळा खरं तर ‘मी कुठे नसेन’ या प्रश्नाचं उत्तर असतो. निव्वळ टॉवर डिफेन्समध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे तुम्ही कुठेच नसता.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. मिश्रण आधी आलं आणि शुद्ध प्रकार नंतर. अटारीचा ‘रॅम्पार्ट’ हा १९९०चा आर्केड गेम. तोफा लावा, समोरच्या जहाजांवर स्वतः नेम धरून गोळे डागा, मग घड्याळ संपायच्या आत फुटलेली तटबंदी पुन्हा जोडा. बांधणं आणि लढणं आळीपाळीने, दोन्ही तुमच्याच हातांनी. पुढे ‘वॉरक्राफ्ट ३’च्या खेळाडूंनी बनवलेल्या मॅप्समधून टॉवर डिफेन्सला आजचा आकार आला, २००७ मध्ये ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ आणि ‘ब्लून्स टॉवर डिफेन्स’ ब्राउझरवर धुमाकूळ घालू लागले, आणि या प्रवासात लढणारा हात गळून पडला. उरली ती मांडणी. वाईट झालं असं नाही. शुद्ध मांडणीची स्वतःची मजा आहे आणि ‘किंगडम रश’ मी आजही खेळतो. पण हात रिकामे राहतात ही खंत डिझायनर्सना तेव्हाच जाणवू लागली होती. ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मध्ये (२००९) सूर्य टिपण्यासाठी सारखं क्लिक करावं लागतं, ते उगाच नाही.

त्याआधी २००७ मध्येच ‘पिक्सेलजंक मॉन्स्टर्स’ने एक साधी गोष्ट केली होती: कर्सर काढून टाकला आणि त्याच्या जागी टिकी नावाचं एक छोटं पात्र ठेवलं. झाडाचा टॉवर करायचा तर त्या झाडापर्यंत चालत जायचं. नाणी पडली तर ती नाहीशी होण्याआधी जाऊन उचलायची. टॉवर सुधारायचा तर त्याच्याखाली उभं राहून नाचायचं. लढाई जवळजवळ नाहीच, पण शरीर आलं, आणि शरीराबरोबर अंतर आलं. माझ्या मते या प्रकाराचा खरा पाया तिथे आहे, तलवारीत नाही. २०१० मध्ये ‘टॉय सोल्जर्स’ने तुम्हाला थेट तोफेवर बसवलं, आणि २०११ या एका वर्षात ‘सँक्टम’, डबल फाइनचा ‘ट्रेंच्ड’ (पुढे त्याचं नाव ‘आयर्न ब्रिगेड’ झालं), ‘डंजन डिफेंडर्स’ची पीसी आवृत्ती आणि ‘ऑर्क्स मस्ट डाय’ असे चार गेम आले. चौघांनी वेगवेगळ्या वाटेने तेच केलं: मांडणारा आणि लढणारा एकच.

आता ते प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. ‘ऑर्क्स मस्ट डाय’मधलाच बोळ घ्या, आकडे मी सोयीसाठी ठरवतो. एका राक्षसाची हेल्थ (जीव) ६००. बोळ ३० मीटर लांब, राक्षसाचा वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे तो बोळात १० सेकंद असतो. भिंतीतून बाण सोडणारा सापळा सेकंदाला ४० डॅमेज (इजा) करतो. झाले ४००. उरलेले २०० तुमच्या वाट्याचे. आता बोळभर डांबर टाका, वेग निम्मा होईल. तोच सापळा आता २० सेकंदांत ८०० डॅमेज करू शकतो आणि राक्षस बोळाच्या टोकापर्यंत पोचतच नाही. डांबराने स्वतः एक अंकही डॅमेज केलेलं नसतं. नवे खेळाडू डांबराकडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण त्याच्या वर्णनात मोठा आकडा नसतो. जुने खेळाडू पहिली नाणी तिथेच घालतात.

इथवर हा टॉवर डिफेन्सच आहे. आता यात तुमचा हात घाला. समजा जास्त हेल्थवाला दुसरा एखादा राक्षस बोळाच्या टोकाला आला आणि तुम्ही त्याला धक्का देऊन ५ मीटर मागे लोटलंत. धक्क्याचं स्वतःचं डॅमेज किरकोळ, समजा १०. पण डांबरात सेकंदाला दीड मीटर चालणाऱ्याला ते अंतर पुन्हा कापायला तीन सेकंदांहून थोडं जास्त लागतं आणि तेवढ्यात बाण आणखी १३० च्या आसपास डॅमेज करून जातात. म्हणजे तुमचा दहाचा धक्का प्रत्यक्षात एकशे चाळीसचा ठरला, आणि तो तसा ठरला कारण डांबर आणि बाण तिथे तुम्हीच लावले होते. जिथे हात मांडणीला नुसता जोडला जातो तो गेम ठीकठाक होतो. जिथे हात मांडणीला गुणतो तिथे लोक खिळून बसतात. ‘ऑर्क्स मस्ट डाय’ एकाच शत्रूवर वेगवेगळे सापळे आणि शस्त्रं लागोपाठ लागली की कॉम्बो म्हणून जास्त मोबदला देतो, ते याच वागण्याला खतपाणी आहे. एकाच सापळ्याने दहा मारण्यापेक्षा तीन सापळे आणि एक नेम यांतून एकाला नेणं फायद्याचं पडावं, अशी ती रचना आहे.

क्षेत्ररचना स्वतः लावून मग स्वतःच गोलंदाजीला येणाऱ्या कर्णधाराला जे वाटत असेल, ते साधारण हेच. झेल त्याने लावलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, पण चेंडू तिथे जावा म्हणून टाकलेला असतो त्यानेच.

दुसरा धागा अंतराचा. दोन दारं ४२ मीटर अंतरावर आहेत आणि हिरो सेकंदाला ६ मीटर धावतो, तर एका दारातून दुसऱ्या दारात जायला ७ सेकंद. शत्रू दार ओलांडून, तुमच्या वाटेबाहेर असलेल्या आणि तुम्ही राखायच्या क्रिस्टलपर्यंत २१ मीटर चालत असेल तर त्यालाही ७ सेकंदच लागतात. म्हणजे दार फुटल्याचा आवाज आल्यावर निघालात तर तुम्ही थोडे उशिरा पोचणार. आवाजाआधी, टॉवरची अवस्था बघून निघालात तर वेळेत. हे सात सेकंद म्हणजे लेव्हल डिझायनरचं खरं भांडवल. ते वाढवले की खेळाडूला आधी विचार करावा लागतो, कमी केले की तो नुसता धावत राहतो. मॅप सोपा वाटतोय की अवघड, हे शत्रूंच्या संख्येपेक्षा या अंतरावर जास्त ठरतं. पण खेळाडूंची तक्रार नेहमी संख्येबद्दल येते. अंतर कुणाला दिसत नाही.

कॅमेऱ्याचाही यात मोठा हात आहे. वरून बघताना तुम्हाला सगळं कळतं आणि मुद्दा फक्त निर्णयाचा राहतो. कॅमेरा हिरोच्या खांद्यामागे आला की पाठीमागचं दार दिसत नाही. मग कान वापरावे लागतात, कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर टाकावी लागते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपल्या मांडणीवर भरवसा ठेवावा लागतो. न दिसणाऱ्या सापळ्यांनी दार धरून ठेवलंय हे आवाजावरून कळणं, यात एक वेगळंच समाधान असतं. वरून खेळायच्या गेममध्ये ते कधीच मिळत नाही.

शत्रू चांगले असतील तर ते हा टंचाईचा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. ‘ऑर्क्स मस्ट डाय’मधले कोबोल्ड तुमच्याकडे बघतही नाहीत, तुम्ही राखत असलेल्या दरवाज्याकडे सरळ पळतात; त्यांच्यासाठी तुम्ही तिथे असायला हवं किंवा सापळा तरी पटकन चालणारा हवा. ओग्र संथ पण जाड, तो तुम्हाला एका जागी अडकवून ठेवतो. नोल शिकारी उलट तुमच्याच मागे लागतात, म्हणजे तुम्ही जाल तिथे लढाई येते. उडणाऱ्यांना जमिनीवरचे सापळे लागत नाहीत. या चौघांना एकाच वेव्हमध्ये (हल्ल्याच्या लाटेत) सोडलं की कुठे उभं राहायचं हा निर्णय दर काही सेकंदांनी नव्याने घ्यावा लागतो. नुसती हेल्थ वाढवून ‘अवघड’ केलेल्या वेव्हमध्ये असं काही घडत नाही. तिथे वेळ तेवढा जातो.

पैशाची थैली एक असावी की दोन, हा आणखी एक मोठा निर्णय. ‘डंजन डिफेंडर्स’मध्ये मॅना (खर्चायची जादुई शक्ती) एकच: त्यातूनच टॉवर उभा राहतो, त्यातूनच दुरुस्त होतो, त्यातूनच अपग्रेड होतो आणि हिरोची खास ताकदही त्याच मॅनावर चालते. लढता लढता एखादा मोठा वार करायचा मोह झाला की तो पडक्या टॉवरच्या दुरुस्तीतून कापून घ्यावा लागतो. कॅपकॉमच्या ‘कुनित्सु-गामी: पाथ ऑफ द गॉडेस’मध्ये (२०२४) स्फटिकांचं तसंच आहे. गावकऱ्याला धनुर्धारी किंवा लाकूडतोड्या करायलाही तेच लागतात, आणि देवकन्या योशिरोची वाट पुढे काढायलाही तेच. दिवसा जास्त वाट काढली तर रात्री माणसं कमी, माणसं जास्त केली तर ती रात्र गावात अडकून काढायची. वेगवेगळ्या थैल्या दिल्या की दोन गेम शेजारी शेजारी चालतात. एकच दिली की ते भांडायला लागतात, आणि भांडण हवंच असतं.

‘डंजन डिफेंडर्स’मधूनच उलटंही शिकायला मिळतं. लेव्हल वाढली की मिळणारे गुण हिरोच्या लढण्यावर टाकायचे की त्याच्या टॉवरवर, हे खेळाडूने ठरवायचं होतं. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात लोकांनी काय केलं? एक पात्र फक्त टॉवर बांधायला वाढवलं, दुसरं फक्त मारायला, आणि बांधून झाल्यावर पात्र बदललं. ‘बिल्डर’ (बांधणारा) आणि ‘डीपीएस’ (डॅमेज पर सेकंद, म्हणजे मारणारा) हे शब्द तिथे रोजचेच. खेळाडू चुकले असं मी म्हणणार नाही, त्यांनी सर्वांत फायद्याची वाट धरली. पण मांडणारा आणि लढणारा वेगळे झाले की या प्रकाराची नस कापली जाते. वरच्या पातळीवर तो गेम बराचसा आकडे आणि लूट यांचा झाला. त्यात रमणारे भरपूर आहेत, मी त्यांतला नाही.

वेव्ह आणि मधली उसंत या लयीबद्दल बरंच बोललं जातं, म्हणून थोडक्यात. शांतता, मग गोंधळ, मग शांतता. हे तर असतंच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की लढाईत तुम्ही स्वतः दमलेले असता, त्यामुळे पुढच्या बांधणीत कुठलं दार त्रास देतंय हे तुम्हाला आलेख बघून नाही, अनुभवाने माहीत असतं. निव्वळ टॉवर डिफेन्समध्ये मांडणी चुकली की पुष्कळदा ती चूक बाराव्या वेव्हला उघड होते आणि मग हात बांधून बघत बसावं लागतं. इथे चूक झाली की ती तुमच्या अंगावर काम म्हणून येते: जा, त्या दारात उभे राहा, निभावून न्या. चुकीची शिक्षा म्हणून जो खेळ मिळतो तो खेळ म्हणूनच मजेदार असतो. सैल मांडणीचाही सामना थरारक होतो, आणि अचूक मांडणीत तुम्ही ऐटीत फिरून कॉम्बो जमवता. दोन्हीकडून खेळाडूचं भलंच.

मग असे गेम थोडे का? कारण काम दुप्पट नाही, त्याहून जास्त आहे. हाणामारी हाताला चांगली लागायची तर अ‍ॅनिमेशन, वार बसल्याची जाणीव, शत्रूची प्रतिक्रिया हे सगळं घासूनपुसून करावं लागतं. दुसरीकडे शेकडो शत्रू एकाच वेळी चालवायचे, आणि खेळाडूने वाट अडवली की त्यांना नवी वाट शोधून द्यायची. या दोघांच्या मधोमध बॅलन्सिंग बसतं, आणि तिथेच महिने जातात. एक चाचणी मी प्रत्येक मॅपवर लावतो: एकदा हिरोला कोपऱ्यात नुसता उभा करून वेव्ह सोडायची, एकदा एकही टॉवर न लावता एकट्या हिरोला लढवायचं. दोन्ही वेळा हरायला हवं, पण थोडक्यात. टॉवरच पुरले तर तलवार शोभेची, तलवार पुरली तर टॉवर शोभेचे. एखादं नवं शस्त्र आलं की ही चाचणी पहिल्यापासून.

बाजाराचा भागही आहे. ट्रेलरमध्ये हाणामारी दिसते, मांडणीचं सुख दिसत नाही. मांडणीवाल्यांना वाटतं हा बोटांच्या चपळाईचा खेळ, अ‍ॅक्शनवाल्यांना वाटतं हा गणिताचा. रोबोट एंटरटेनमेंटने ‘ऑर्क्स मस्ट डाय! अनचेन्ड’ फुकट ऑनलाइन गेम म्हणून आणला आणि २०१९ मध्ये तो बंद झाला. नंतर तिसरा भाग आणि २०२५ मध्ये ‘डेथट्रॅप’ काढून ते मूळ ढंगावर परतले. ‘सँक्टम’ करणारा कॉफी स्टेन पुढे ‘गोट सिम्युलेटर’ आणि ‘सॅटिसफॅक्टरी’कडे वळला. आणि ‘फोर्टनाइट’ जुलै २०१७ मध्ये पहिल्यांदा आला तो भिंती, सापळे आणि बंदुका घेऊन झुंडी अडवण्याचा गेम म्हणून. बॅटल रॉयल (शेवटी उरेल तो जिंकतो असा प्रकार) त्यानंतर सप्टेंबरात आलं. इतक्या लोकांनी ज्या भिंती उभारल्या त्यांचा उगम या घराण्यात आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे.

सुरुवात कुठून करायची? मांडणीची आवड असेल आणि बोटांची भीती वाटत असेल तर ‘थ्रोनफॉल’. घोड्यावरचा राजा, दिवसा ठरलेल्या जागांवर बांधकाम, रात्री लढाई. राजा वार आपणहून करतो, तुम्ही फक्त तो कुठे असेल ते ठरवायचं. टंचाईचा जो मुद्दा मी वर मांडला तो इतका सोलून दाखवणारा दुसरा गेम मला माहीत नाही. नेमबाजीतून येत असाल तर ‘सँक्टम २’. विमानाने गोळ्या झाडायला आवडत असेल तर ‘एक्स-मॉर्फ: डिफेन्स’, त्यात दोन टॉवरांच्या मधे कुंपण ओढून शत्रूची वाटच वळवता येते आणि ती नवी वाट आधी दिसते. चित्रं आणि वातावरण हवं असेल तर ‘कुनित्सु-गामी’. बाकी सगळ्यांसाठी ‘ऑर्क्स मस्ट डाय’, पहिला किंवा तिसरा.

खेळताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. पहिल्या वेव्हआधी सगळी नाणी खर्च करू नका. शत्रू कुठून वळतो, कुठे गर्दी करतो ते एकदा डोळ्यांनी बघा. सापळे मॅपभर विखरू नका, एकाच अरुंद जागी थरावर थर लावा आणि मंदावणारा सापळा मारणाऱ्या सापळ्याच्या माऱ्यात येईल असं बघा. स्वतःची जागा आधी ठरवा आणि तिथे कमी सापळे लावा. जिथे तुम्ही असणार नाही तिथे जास्त. आणि को-ऑपमध्ये (सोबत्याबरोबर खेळताना) कुणाचं दार कुठलं हे वेव्ह सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, नाहीतर दोघेही एकाच ओग्रला झोडपत बसता आणि कोबोल्ड रिकाम्या दारातून आत जातात.